विश्लेषण : कॅनडात पेन्शन साठीला घ्यावी की सत्तरीला?

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅल्गरी किंवा व्हँकुव्हरला गेलेल्या मराठी कुटुंबांची पहिली पिढी आता साठीच्या आसपास आहे. मुलांची शिक्षणे झाली, घराचे हप्ते संपत आले आणि निवृत्तीचे वेध लागले. याच टप्प्यावर कॅनडातील प्रत्येक नोकरदारासमोर एक प्रश्न येतो : सरकारी पेन्शन ६० व्या वर्षी सुरू करायची, ६५ व्या की ७० व्या? अर्ज दोन-चार पानांचा असला तरी त्यावरील एका तारखेने दरमहाची रक्कम दुपटीहून अधिक बदलू शकते. काही महिन्यांची मुदत उलटली, की हा निर्णय मागे घेता येत नाही. त्यामागचे गणित काय, कोणी थांबावे, कोणी थांबू नये आणि भारतातून गेलेल्यांसाठी नियम कुठे वेगळे ठरतात, याचा हा आढावा.

कॅनडात निवृत्तांना उत्पन्न कुठून मिळते?

मुख्य आधार तीन. पहिला ‘कॅनडा पेन्शन प्लॅन’ म्हणजे सीपीपी. ही योजना १९६६ मध्ये सुरू झाली. नोकरदार आणि मालक दोघेही पगारातून समान वर्गणी भरतात. २०२५ मध्ये पहिले ३,५०० डॉलर सोडून ७१,३०० डॉलरपर्यंतच्या वार्षिक पगारावर प्रत्येकी ५.९५ टक्के वर्गणी होती. स्वयंरोजगार करणाऱ्याला दोन्ही वाटे स्वतः भरावे लागतात. क्युबेक प्रांताची याच धर्तीची स्वतंत्र योजना आहे.

दुसरा आधार ‘ओल्ड एज सिक्युरिटी’ म्हणजे ओएएस. ही पेन्शन १९५२ पासून दिली जाते. तिच्यासाठी वर्गणी नसते, पैसा सरकारच्या करमहसुलातून येतो. नोकरी केली की नाही हे येथे पाहिले जात नाही, कॅनडात किती वर्षे राहिलात हे पाहिले जाते. उत्पन्न फारच कमी असेल तर तिला जोडून ‘गॅरंटीड इन्कम सप्लिमेंट’ म्हणजे जीआयएस हे पूरक अनुदान मिळते.

तिसरा आधार स्वतःची बचत. त्यासाठी दोन खाती प्रसिद्ध आहेत. १९५७ पासूनच्या आरआरएसपी खात्यात पैसे भरताना करवजावट मिळते, मात्र काढताना कर लागतो. २००९ मध्ये आलेल्या टीएफएसए खात्यात भरताना वजावट नाही, पण वाढ आणि काढलेली रक्कम दोन्ही करमुक्त असतात. काहींना कंपनीची वेगळी पेन्शनही असते.

साठ, पासष्ट, सत्तर : फरक किती?

सीपीपीचे प्रमाण वय ६५ आहे. त्याआधी पेन्शन सुरू केली तर प्रत्येक महिन्यामागे ०.६ टक्के कपात होते. म्हणजे ६० व्या वर्षी घेणाऱ्याची पेन्शन ३६ टक्क्यांनी घटते आणि ही कपात आयुष्यभर राहते. ६५ नंतर थांबल्यास महिन्यामागे ०.७ टक्के वाढ मिळते आणि ७० व्या वर्षी ती ४२ टक्के होते. ७० नंतर थांबण्यात काहीच लाभ नाही. (क्युबेकच्या योजनेत मात्र २०२४ पासून ७२ व्या वर्षापर्यंत थांबता येते.)

समजा, ६५ व्या वर्षी एखाद्याला महिना १,००० डॉलर मिळणार आहेत. तोच माणूस ६० व्या वर्षी ६४० डॉलर घेईल आणि ७० व्या वर्षी १,४२०. म्हणजे साठीच्या तुलनेत सत्तरीतील पेन्शन दुपटीहून जास्त. शिवाय एकदा सुरू झालेली सीपीपी दर जानेवारीत महागाईनुसार वाढते, त्यामुळे हे अंतर पुढे डॉलरमध्ये आणखी रुंदावत जाते.

ओएएस ६५ च्या आधी मिळत नाही. ती ७० पर्यंत लांबवली तर महिन्यामागे ०.६ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३६ टक्के वाढ मिळते. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना जुलै २०२२ पासून ओएएस १० टक्के वाढवून दिली जाते. ती वाढ आपोआप होते, त्यासाठी काही करावे लागत नाही.

रक्कम किती असते?

२०२५ मध्ये ६५ व्या वर्षी सीपीपी सुरू करणाऱ्याला मिळू शकणारी कमाल रक्कम महिना १,४३३ डॉलर होती. मात्र ती मिळण्यासाठी जवळपास चाळीस वर्षे कमाल मर्यादेइतका पगार असावा लागतो. त्यामुळे बहुतेकांची पेन्शन याच्या बरीच खाली असते. ओएएसची पूर्ण रक्कम २०२५ च्या पहिल्या तिमाहीत ६५ ते ७४ वयोगटासाठी महिना ७२७.६७ डॉलर होती. ती दर तीन महिन्यांनी महागाईनुसार तपासली जाते. दोन्हींवर प्राप्तिकर लागतो, जीआयएसवर लागत नाही.

थांबल्याचे पैसे वसूल कधी होतात?

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. महागाईवाढ आणि गुंतवणुकीवरील परतावा बाजूला ठेवून फक्त आजच्या डॉलरमध्ये बेरीज केली, तर एकूण हाती आलेली रक्कम अशी दिसते.

७५ व्या वर्षापर्यंत : साठीला सुरू केल्यास १,१५,२०० डॉलर, पासष्टीला १,२०,०००, सत्तरीला ८५,२००.

८५ व्या वर्षापर्यंत : साठीला १,९२,०००, पासष्टीला २,४०,०००, सत्तरीला २,५५,६००.

९० व्या वर्षापर्यंत : साठीला २,३०,४००, पासष्टीला ३,००,०००, सत्तरीला ३,४०,८००.

म्हणजे साठीऐवजी पासष्टीला घेणारा ७४ च्या सुमारास बरोबरीला येतो. पासष्टीऐवजी सत्तरीला घेणारा ८२ च्या सुमारास बरोबरी करतो. साठी आणि सत्तरी यांची थेट तुलना केली, तर हे वय ७८ च्या थोडे पुढे येते. ओएएस सत्तरीपर्यंत लांबवणाऱ्याची बरोबरी ८४ च्या सुमारास होते. याचा अर्थ, दोन्हींपैकी एकच लांबवायची असेल तर सीपीपी लांबवणे अधिक फायद्याचे.

पासष्टी गाठलेला कॅनेडियन पुरुष सरासरीने ८४ च्या आसपास आणि स्त्री ८७ च्या आसपास जगते. सरासरी याचा अर्थ असा, की जवळपास निम्मे लोक त्याहून पुढे जातात.

मग ‘साठीलाच घे’ हा सल्ला कुठून आला?

हा सल्ला आधीच्या पिढीकडून आला आहे आणि त्यांच्या काळात तो फारसा चुकीचा नव्हता. जुन्या नियमानुसार लवकर घेतल्यास महिन्यामागे ०.५ टक्केच कपात होत असे. म्हणजे साठीला पेन्शन ३६ नव्हे, ३० टक्क्यांनी घटायची. आपल्या उदाहरणात ६४० ऐवजी ७०० डॉलर मिळाले असते आणि पासष्टीशी बरोबरी ७४ ऐवजी ७७ च्या सुमारास झाली असती. उशिरा घेतल्याची वाढही महिन्यामागे ०.५ टक्केच होती. २०११ ते २०१६ या काळात हे दर टप्प्याटप्प्याने बदलले. लवकर घेणे महाग झाले, थांबणे फायद्याचे झाले. सल्ला मात्र तोच राहिला.

दुसरे कारण स्वभावाचे. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही भावना फक्त मराठी माणसाचीच नाही. आपण भरलेले पैसे आपल्याआधी संपू नयेत, उद्याचे कोणी पाहिले आहे, असा विचार सगळीकडे असतो. टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग’ने २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सत्तरीऐवजी साठीला पेन्शन घेणारा सरासरी कॅनेडियन आयुष्यभरातील एक लाख डॉलरहून अधिक सुरक्षित उत्पन्नावर पाणी सोडतो. तरीही सत्तरीपर्यंत थांबणारे थोडेच.

येथे एक मूळ गोष्ट निसटते. पेन्शन म्हणजे मुदत ठेव नव्हे, ती विम्यासारखी आहे. ७३ व्या वर्षी मृत्यू आला तर थांबणाऱ्याचे नुकसान होते हे खरे, पण त्या नुकसानीची झळ सोसायला तो स्वतः नसतो. ९३ व्या वर्षी बचत संपलेली आणि पेन्शन तुटपुंजी असेल, तर ती झळ मात्र स्वतःलाच, नाहीतर मुलांना सोसावी लागते. घराचा विमा काढताना आपण ‘आग लागली नाही तर पैसे वाया गेले’ असे म्हणत नाही. दीर्घायुष्याचेही तसेच.

सीपीपीचा निधी संपेल का?

ही भीती अनेकांना साठीलाच अर्ज करायला लावते. नव्वदच्या दशकाच्या मध्यात योजनेच्या भवितव्याबद्दल खरोखर चिंता होती. त्यानंतर वर्गणीचे दर वाढवले गेले आणि १९९७ च्या कायद्याने निधी गुंतवण्यासाठी सरकारपासून अंतर राखणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. ‘सीपीपी इन्व्हेस्टमेंट्स’ या नावाने ती ओळखली जाते. मार्च २०२५ अखेर तिच्याकडे ७१४ अब्ज डॉलरहून अधिक निधी होता. तिचे एक कार्यालय मुंबईतही आहे आणि भारतीय कंपन्या व पायाभूत प्रकल्पांत तिची गुंतवणूक आहे.

देशाचा मुख्य विमागणितज्ञ दर तीन वर्षांनी योजनेची तपासणी करतो. त्याच्या अहवालात सध्याच्या वर्गणीदरांवर ही योजना पुढील ७५ वर्षे टिकाऊ असल्याचे म्हटले आहे. नियम कधीच बदलणार नाहीत असा याचा अर्थ नाही. पण निधी संपण्याच्या भीतीने आयुष्यभराची ३६ टक्के कपात स्वीकारावी, असे चित्र नाही.

ओएएसचा मुद्दा थोडा वेगळा, कारण तिच्यामागे असा निधी नाही. स्टीफन हार्पर सरकारने २०१२ मध्ये तिचे पात्रता वय ६५ वरून ६७ करण्याची घोषणा केली होती, ती २०२३ पासून लागू व्हायची होती. जस्टिन ट्रुडो सरकारने २०१६ मध्ये ती रद्द केली.

थांबायचे तर मधल्या वर्षांत खायचे काय?

यावर बहुतेकांचे गणित अडते. उत्तर आरआरएसपीमध्ये दडलेले आहे. सर्वसाधारण सवय अशी, की सरकारी पेन्शन लगेच सुरू करायची आणि स्वतःची बचत शक्य तितकी राखून ठेवायची. पण अनेकांच्या बाबतीत उलट क्रम अधिक फायद्याचा ठरतो.

आपल्या उदाहरणातील व्यक्ती पासष्टीला निवृत्त झाली, असे धरू. तिने पुढील पाच वर्षे सीपीपीऐवजी आरआरएसपीतून महिना १,००० डॉलर काढले. एकूण ६०,००० डॉलर खर्ची पडले. त्याबदल्यात सत्तरीपासून महिना ४२० डॉलर, म्हणजे वर्षाला ५,०४० डॉलर जास्त मिळतील, तेही आयुष्यभर आणि महागाईनुसार वाढत जाणारे. ६०,००० वर ही रक्कम वर्षाला ८.४ टक्के होते. महागाईशी जोडलेले असे आजीवन उत्पन्न खासगी विमा कंपन्यांकडून सहज विकत मिळत नाही. शेअर बाजार कोसळला तरी ते कमी होत नाही आणि ते मिळवण्यासाठी नव्वदीत कुणाच्या सल्ल्यावर अवलंबून राहावे लागत नाही.

याचा दुसरा लाभ कराचा आहे. आरआरएसपी खाते ७१ वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या अखेरीस बंद करावे लागते. बहुतेक जण ते आरआरआयएफ खात्यात बदलतात आणि त्यातून दरवर्षी ठरावीक किमान रक्कम काढणे बंधनकारक असते. वर्षाच्या सुरुवातीला वय ७१ असेल तर शिलकीच्या ५.२८ टक्के, ८० असेल तर ६.८२ टक्के, ९० असेल तर ११.९२ टक्के. गरज असो वा नसो, हे पैसे काढावे लागतात आणि त्यावर कर भरावा लागतो. साठी-सत्तरीच्या दरम्यान, उत्पन्न कमी असताना, थोडे थोडे पैसे काढून घेतले तर पुढचा हा भार हलका होतो.

तो हलका करणे आणखी एका कारणाने महत्त्वाचे. वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेले की वरच्या प्रत्येक डॉलरमागे १५ सेंट ओएएस परत द्यावी लागते. २०२५ साठी ही मर्यादा ९३,४५४ डॉलर होती. टीएफएसएतून काढलेली रक्कम मात्र या हिशेबात धरली जात नाही. म्हणून टीएफएसएतील पैसे शेवटी वापरावेत, असा सल्ला अनेक नियोजक देतात. २००९ मध्ये १८ वर्षे पूर्ण असलेल्या आणि तेव्हापासून कॅनडात राहणाऱ्या व्यक्तीची टीएफएसएतील एकूण मर्यादा २०२५ अखेर १,०२,००० डॉलर होती. नंतर आलेल्यांची मर्यादा ते कॅनडाचे रहिवासी झाले त्या वर्षापासूनच मोजली जाते.

मग थांबू नये असे कोणी?

असे लोकही बरेच आहेत आणि त्यांना ‘सत्तरीपर्यंत थांबा’ हा सल्ला महागात पडू शकतो.

गंभीर आजार असलेल्यांनी किंवा डॉक्टरांनी आयुर्मान मर्यादित असल्याचे सांगितलेल्यांनी थांबण्यात अर्थ नाही. नोकरी गेली, बचत नाही आणि मधली वर्षे क्रेडिट कार्डच्या कर्जावर काढावी लागणार असतील, तरीही नाही. त्या कर्जाचे व्याज पेन्शनमधील वाढीपेक्षा कितीतरी जास्त असते.

सर्वात महत्त्वाचा गट जीआयएस मिळू शकणाऱ्यांचा. हे अनुदान ओएएससोबतच मिळते. ओएएस लांबवली तर त्या वर्षांचे जीआयएस कायमचे बुडते. शिवाय इतर उत्पन्न वाढले की जीआयएस घटते. साधारणपणे सीपीपी किंवा आरआरएसपीतून आलेल्या प्रत्येक डॉलरमागे अनुदान किमान ५० सेंटने कमी होते. म्हणजे ज्याची एकूण मिळकत तुटपुंजी आहे, त्याने थांबून सीपीपी वाढवली तर वाढीचा मोठा भाग अनुदानातून कापला जातो. अशांनी सीपीपी साठीला आणि ओएएस पासष्टीला घेणे बहुधा योग्य. त्यांनी बचतही आरआरएसपीऐवजी टीएफएसएमध्ये ठेवावी, कारण तेथून काढलेले पैसे जीआयएसच्या हिशेबात येत नाहीत.

साठीला काम थांबवणाऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी. सीपीपी ठरवताना १८ व्या वर्षापासूनच्या कमाईची सरासरी काढली जाते आणि सर्वात कमी कमाईची १७ टक्के वर्षे, म्हणजे जास्तीत जास्त आठ वर्षे वगळली जातात. मूल सात वर्षांचे होईपर्यंत कमाई घटलेल्या पालकांना वेगळी सवलत आहे. ज्यांची वगळण्याजोगी वर्षे आधीच संपली आहेत, त्यांना साठ ते पासष्ट ही बिनपगारी वर्षे सरासरी थोडी खाली खेचू शकतात. थांबण्याचा फायदा यामुळे काहीसा कमी होतो, नाहीसा होत नाही.

पती-पत्नींनी काय पाहावे?

दोघांनी एकाच वेळी पेन्शन सुरू करण्याची गरज नसते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर काय उरते, हे आधी समजून घ्यावे. मृत व्यक्तीची ओएएस पूर्ण बंद होते. सीपीपीतून वारस जोडीदाराला पेन्शन मिळते. पासष्टीच्या पुढील जोडीदाराची स्वतःची सीपीपी नसेल तर ती मृताच्या पेन्शनच्या ६० टक्के असते. पण स्वतःचीही सीपीपी असेल तर दोन्हींच्या बेरजेवर कमाल मर्यादा लागते. दोघेही आयुष्यभर चांगल्या पगारावर असतील, तर वारस पेन्शन नाममात्र उरू शकते.

मृताने थांबून मिळवलेली जास्तीची टक्केवारीही वारसाला मिळत नाही. वारस पेन्शन ६५ व्या वर्षाच्या मूळ रकमेवर काढली जाते. म्हणून दोघांपैकी जो अधिक काळ जगण्याची शक्यता आहे, बहुधा पत्नी, तिची स्वतःची पेन्शन वाढवणे शहाणपणाचे. प्रत्यक्षात पतीच्या पेन्शनचीच चर्चा होते आणि पत्नीचा अर्ज ‘छोटी रक्कम आहे, घेऊन टाक’ म्हणून साठीला भरला जातो.

भारतातून गेलेल्यांसाठी वेगळे काय?

पहिला फरक ओएएसचा. पूर्ण रक्कम मिळण्यासाठी १८ व्या वर्षानंतर कॅनडात ४० वर्षे वास्तव्य लागते. कमी असेल तर दर वर्षामागे एक चाळीसांश. चाळिशीत गेलेल्याला पासष्टीला २५ चाळीसांश, म्हणजे ६२.५ टक्के रक्कम मिळते. एकदा पेन्शन सुरू झाली की हा अपूर्णांक कायम राहतो, पुढे कितीही वर्षे राहिले तरी वाढत नाही. किमान दहा वर्षांची अट आहे. उशिरा गेलेल्यांनी थांबताना लक्षात ठेवावे, की वास्तव्याची वाढीव वर्षे आणि लांबवल्याची टक्केवारी हे दोन्ही लाभ एकत्र मिळत नाहीत. पासष्टीला दहाच वर्षे झालेल्याने पाच वर्षे थांबल्यास वाढीव वास्तव्यामुळे १५ चाळीसांश, म्हणजे ३७.५ टक्के होतात. त्याऐवजी दहा चाळीसांशावर ३६ टक्के वाढ धरली, तर ३४ टक्केच होतात.

दुसरा मुद्दा भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा कराराचा. तो १ ऑगस्ट २०१५ पासून लागू आहे. दहा वर्षांची अट पूर्ण होत नसेल, तर भारतातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील सेवेची वर्षे पात्रतेसाठी मोजता येतात. रक्कम मात्र कॅनडातील वर्षांवरच ठरते. नोकरी सोडताना जपून ठेवलेली भविष्य निर्वाह निधीची जुनी कागदपत्रे येथे उपयोगी पडतात. सीपीपीसाठी अशी अट नाही, एक वैध वर्गणीही पात्रतेला पुरते. पण भारतात काढलेली वर्षे सरासरीत शून्य कमाईची धरली जातात. त्यामुळे रक्कम लहान असते.

तिसरा मुद्दा भारतातील उत्पन्नाचा. कॅनडाच्या रहिवाशाला जगभरातील उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते. पुण्यातील फ्लॅटचे भाडे, बँकेतील ठेवींचे व्याज, भारतातील पेन्शन हे सारे ओएएसच्या वसुलीच्या आणि जीआयएसच्या हिशेबात येते. भाड्याने दिलेला फ्लॅट, ठेवी, शेअर अशा परदेशी मालमत्तेची खरेदी किंमत एकूण एक लाख डॉलरहून जास्त असेल, तर वेगळे विवरणही भरावे लागते. भारतात भरलेल्या कराची सवलत मिळते, पण उत्पन्न दाखवण्याची जबाबदारी टळत नाही.

मायदेशी परतल्यास पेन्शन मिळते का?

सीपीपी जगात कुठेही मिळते. ओएएस मात्र १८ व्या वर्षानंतर कॅनडात किमान २० वर्षे राहिलेल्यांनाच परदेशात मिळत राहते. २० पेक्षा कमी वर्षे असतील तर देश सोडल्यावर सहा महिन्यांनी ती थांबते. सामाजिक सुरक्षा करारातील वर्षे ही अट पूर्ण करायलाही धरता येतात. जीआयएस सहा महिन्यांहून जास्त काळ परदेशी राहिल्यास बंद होते. हिवाळा पुण्या-मुंबईत काढणाऱ्यांनी परतीची तारीख म्हणूनच लक्षात ठेवावी. १८ किंवा १९ वर्षे पूर्ण करून परतण्याचा बेत असेल, तर वर्षभर थांबण्याची किंमत आणि आयुष्यभराची ओएएस यांची तुलना आधी करावी.

अर्ज करण्यापूर्वी काय तपासावे? निर्णय बदलता येतो का?

सीपीपी अर्ज केल्याशिवाय सुरू होत नाही. ओएएससाठी काहींची नोंद आपोआप होते आणि तसे पत्र येते. लांबवायची असेल तर त्या पत्रावर गप्प न बसता कळवावे लागते. सीपीपी पहिली रक्कम मिळाल्यापासून १२ महिन्यांच्या आत रद्द करता येते, ओएएससाठी ही मुदत सहा महिने आहे. दोन्हींत तोवर मिळालेले पैसे परत करावे लागतात. सत्तरी उलटूनही अर्ज राहिला, तर मागची थकबाकी साधारण ११ महिन्यांपुरतीच मिळते.

‘सर्व्हिस कॅनडा’च्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात वर्गणीचा वर्षनिहाय तपशील आणि अंदाजित पेन्शन दिसते. त्यात एखादे वर्ष गहाळ नाही ना, हे पाहावे. पासष्टीचा आकडा तोपर्यंत आजच्यासारखीच कमाई सुरू राहील, असे धरून काढलेला असतो. साठीला नोकरी सोडणार असाल तर प्रत्यक्ष रक्कम त्याहून कमी असू शकते.

त्यानंतर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. सत्तरीपर्यंतचा घरखर्च पगारातून किंवा बचतीतून निघेल का? घराण्यातील माणसे किती वर्षे जगली आणि स्वतःची प्रकृती कशी आहे? जीआयएस मिळण्याइतके उत्पन्न कमी राहणार आहे का? आणि आपल्यामागे जोडीदाराच्या हाती दरमहा किती पडेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, प्रकृती ठीक असेल आणि जीआयएसचा प्रश्न नसेल, तर निदान पासष्टीपर्यंत थांबण्याच्या बाजूने गणित स्पष्ट झुकते. सत्तरीपर्यंत थांबायचे की नाही, हे मग दर वाढदिवसाला ठरवता येते. एका वर्षासाठी थांबलो म्हणून पाच वर्षे थांबण्याचे बंधन नसते. सीपीपी हव्या त्या महिन्यापासून सुरू करण्याची मुभा अर्जदाराकडेच असते.